झारेकरी

इतवारीतल्या सराफ्याची शटरं वर जायच्या आधी
अब्बा ती गल्ली झाडून आणायचे.
पोत्यात यायचे केस, विड्यांची थोटकं, सुपारीची खांडं,
कारागिरांच्या पायांखालची काळी माती,
आणि नाग नदीला मिळायच्या आत
गटारातून उपसलेला गाळ.

अंगणात घमेलं. घमेल्यात पाणी.
अब्बांचं मनगट गोल गोल.
"हलकं ते वाहून जातं," म्हणायचे, "जड ते थांबतं."
आठवड्याला हरभऱ्याच्या डाळीएवढं सोनं,
कधी तेवढंही नाही.

नमाजाआधी बाभळीच्या काट्यानं नखं कोरायचे.
लहानपणी मी विचारलं होतं,
नखातलं सोनंपण हराम का?
हसले. "ते घातलेलं नाही बेटा, लागलेलं आहे."

नियम घरात सगळ्यांना पाठ:
सोनं, रेशीम बायांना हलाल, मर्दांना हराम.
चांदीची अंगठी चालते, तीही हलकी.
लढाईत नाक गेलेल्या एकाला
सोन्याचं नाक लावायची इजाजत मिळाली,
कारण चांदीच्या नाकाला वास सुटला.
हे मुदस्सिर फार रंगवून सांगायचा,
स्वतःचं नाक चिमटीत धरून.
सोन्याची अंगठी म्हणजे हातावर निखारा,
हे सांगताना हाफिजसाहेब
अब्बांच्या हातांकडे बघायचे नाहीत.
भट्टीपाशी आयुष्य गेलेलं.
तिथे खऱ्या निखाऱ्यांच्या खुणा होत्या.

मुदस्सिरचा निकाह कामठीला, भर मे महिन्यात.
कूलरमधलं पाणीसुद्धा कढत.
जलीलुद्दीनचाचांनी, विड्या वळून पिवळ्या झालेल्या बोटांनी,
लाल डबीतली अंगठी काढून
सगळ्यांदेखत जावयाला घातली.
अब्बांनी मुदस्सिरचा हात हातात घेतला,
अंगठी उतरवली,
तळहातावर एकदाच, जराशी, वर उडवली.
आणि कधी आवाज न चढवणारा माणूस
मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाला:
"सोनं आहे. मर्दाला हराम. आमच्यात चालत नाही."

कुणीतरी म्हणालं, शगुन आहे, इतकं कडक कशाला.
चाचा रिकामी डबी उघडत होते, मिटत होते.
नाजनीनभाभी घुंगटाआडून रडली.
अम्मी दोन दिवस बोलली नाही.
मी तर त्यांना मनातल्या मनात दगड म्हटलं.

पुढच्या जुम्याला ते मशिदीत उशिरापर्यंत थांबले.
डबा घेऊन मी पायरीशी उभी.
एवढंच कानावर आलं:
"हाफिजसाहेब, पितळेला सोनं म्हटलं, तर..."
तेवढ्यात भंगारवाल्याची हातगाडी खडखडत गेली.
मला वाटलं, धंद्यातलं काही असेल.

अब्बा जाऊन चार वर्षं झाली.
परवा त्यांची पेटी उघडली:
चिमटे, मूस, तेजाबाची बाटली, कसाचा दगड,
आणि कुर्त्याच्या फाटक्या खिशात गुंडाळलेली ती अंगठी.
त्यांनी शिकवलं होतं तशी दगडावर ओढली,
वर एक थेंब.
रेघ हिरवी फसफसली, आणि नाहीशी झाली.

नागपूरचा मे.
आठ दिवसांत मुदस्सिरचं बोट हिरवं पडलं असतं,
आणि भाभीनं ते हिरवं
जन्मभर ऐकलं असतं. आमच्याच घरात. बहुतेक माझ्याच तोंडून.

चाचांना माहीत होतं,
की कुणा सोनारानं त्यांनाच फसवलं होतं?
कसाला लावून हे कळत नाही.

काल ते आले होते. आता डोळ्यांनी अधू.
मुदस्सिरचा मोकळा हात चाचपून म्हणाले,
"तुमचे अब्बा शरियतला फार पक्के होते."
"हो," मी म्हटलं, "फार."
चहात साखर टाकली, एक चमचा जास्तच.
ते बराच वेळ ढवळत राहिले.
साखर केव्हाच विरघळली होती.